आमची ओळ मोडू नका : विद्यापीठाच्या तिकीट विभागाला खुलं पत्र

प्रति,
क्रीडा संचालक आणि तिकीट विभागातील सर्व मंडळी,
आमच्या गावचं विद्यापीठ

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमचं सर्वेक्षण आलं. ‘तुम्ही फुटबॉलचं सीझन तिकीट का घेता?’ या प्रश्नाखाली पाच पर्याय होते. संघाची कामगिरी, समोरचा संघ, तिकिटाचा दर, स्टेडियममधल्या सोयी आणि इतर. मी ‘इतर’वर खूण केली. त्याखालच्या चौकटीत पाचशे अक्षरं मावतात, माझं म्हणणं मावेना. म्हणून पत्र लिहायला बसलो. आतलं बोलायचं म्हटलं की मला मराठीच सुचते, तेव्हा मराठीतच लिहिलं. माझी मुलगी तुमच्याच विद्यापीठात शिकली. ती याचं इंग्रजी करून तुमच्याकडे पोचवणार आहे. मूळ पत्र सगळ्यांसमोर ठेवतोय, कारण अमेरिकेतल्या अशा कॉलेजच्या गावांत राहणारी, शनिवारी त्या गर्दीत जाऊन बसणारी मराठी घरं बरीच आहेत. त्यांनाही यातलं काही आपलं वाटेल.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडचा फुटबॉल पायानं खेळायचा, आणि तो तालमींचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ हे संघ समोरासमोर आले की त्या दिवशी गावात दुसरा विषय नसायचा. माझे वडील ठरलेल्या बाजूला, ठरलेल्या पायरीवर बसायचे. डाव्या हाताला एक शिंपी, उजव्या हाताला बाजार समितीतला एक हमाल. इतर दिवशी या तिघांची गाठ पडायचं कारण नव्हतं. आपला संघ हरला म्हणून वडिलांनी कधी पायरी सोडली नाही.

बायको पुण्याची. ‘सीझन तिकीट’ हा शब्द आमच्या घरात तिनं आणला, तो सवाई गंधर्व महोत्सवातून. तिच्या माहेरी डिसेंबर आला की भारतीय बैठकीची सीझन तिकिटं काढायची, सतरंजी आणि डबा घेऊन लवकर जायचं, आणि दरवर्षीच्या शेजाऱ्यांसाठी जागा धरून ठेवायची. कोण गाणार आहे, हे तिकीट काढल्यावर बघितलं जायचं.

2003 साली इथं घर घेतलं आणि त्याच वर्षी दोन सीझन तिकिटं काढली. चेंडू हातात घेऊन पळायच्या या अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या सामन्याला शेजारी एक मक्याचा शेतकरी होता, तेव्हा साठीचा असेल. आमचे चेहरे बघून तो काही बोलला नाही. त्यानं डाव्या हाताची चार बोटं आमच्यासमोर उभी धरली. प्रत्येक प्रयत्न झाला की एक बोट मिटायचं. चार बोटं मिटायच्या आत दहा यार्ड पुढं सरकलं की चारही बोटं पुन्हा उभी. नाही सरकलं, तर मूठ. दुसऱ्या सत्रापर्यंत बायको स्वतःच्या हातावर बोटं मोजायला लागली होती. त्यानं आम्हाला नाव-गाव नंतर विचारलं, आधी खेळ शिकवला.

त्या ओळीत आज आम्ही सहा घरं आहोत. तो शेतकरी आणि त्याची बायको. दोनशे किलोमीटर गाडी हाकत येणारे दोन भाऊ, ज्यांची तिकिटं त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली. निवृत्त गणिताच्या बाई, ज्या सामन्याची प्रत्येक चाल छोट्या वहीत टिपून ठेवतात. एक परिचारिका आणि तिचा मुलगा. टपाल खात्यातलं एक जोडपं. आणि आम्ही. बसायला ॲल्युमिनियमचं बाक, त्यावर दीड फुटाला एक आकडा रंगवलेला. नोव्हेंबरात जाड कोट चढले की त्या दीड फुटात कोणीच मावत नाही, मग सगळी ओळ थोडी तिरकी होऊन बसते. कोणी कुठल्या खांद्यानं तिरकं व्हायचं, हेसुद्धा आता ठरून गेलंय. पार्किंगमध्ये डिकी उघडून जो टेलगेट, म्हणजे सामन्याआधीचा खाण्यापिण्याचा मेळा, होतो, त्यात आमचं काम वड्यांचं. शेतकऱ्याची बायको लसणाची चटणी वेगळ्या बाटलीत मागून घेते आणि आठवडाभर अंड्याबरोबर खाते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो.

संघ जिंकायला लागला की तिकिटं खपतात, हे मलाही दिसतं, ते मी नाकारत नाही. ब्लूमिंग्टनचं इंडियाना विद्यापीठ बघा. 2023 मध्ये तीन विजय आणि नऊ पराभव. नवा कोच आला, 2024 मध्ये अकरा विजय आणि दोनच पराभव, आणि वर्षानुवर्षं पुरतं न भरणाऱ्या स्टेडियमचे सामने हाउसफुल्ल जायला लागले. पण सीझन तिकिटाचा सगळा व्यवहार साधारण फेब्रुवारी ते ऑगस्टमध्ये होतो. तेव्हा मैदानावर कोणी नसतं. माणूस गेल्या मोसमाच्या आठवणीवर आणि पुढच्या मोसमाच्या आशेवर पैसे मोजतो. कोलोरॅडोचा संघ 2022 मध्ये बारापैकी एकच सामना जिंकला. डिसेंबरात एकेकाळचे गाजलेले खेळाडू डिऑन सँडर्स कोच म्हणून आले आणि 2023 चा एकही सामना व्हायच्या आत त्यांची सगळी सीझन तिकिटं संपली. त्या मोसमात ते चारच सामने जिंकले. खपलं काय, तर ‘यंदा काहीतरी होणार’ ही भावना.

ही आशा माणसाला दारापर्यंत आणते. तो तीन-चार मोसम खराब गेल्यावरही का टिकतो, याचं उत्तर मात्र तिच्यात सापडत नाही. त्यासाठी लिंकनला जायला हवं. नेब्रास्काच्या मेमोरियल स्टेडियममध्ये 3 नोव्हेंबर 1962 पासून प्रत्येक घरचा सामना हाउसफुल्ल गेलेला आहे. मधल्या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदं आली, शेवटचं 1997 चं. त्यानंतर उतरण. 2017 ते 2023 या सात मोसमांत तर संघ एकदाही बाउल सामन्यापर्यंत, म्हणजे निम्मे सामने जिंकल्यावर साधारण मिळतो त्या वर्षअखेरच्या सामन्यापर्यंतसुद्धा पोचला नाही. तरी साखळी तुटली नाही. 2021 मध्ये तिकिटं उरायला लागली, तेव्हा देणगीदारांनी ती विकत घेतली आणि ज्यांना परवडत नाही अशा मुलांना दिली. यावर कोणी म्हणेल, ही ओढूनताणून जपलेली साखळी. मला उलट वाटतं. जी गोष्ट वाचवायला माणसं स्वतःच्या खिशात हात घालतात, ती त्यांची असते. त्या राज्यात एनएफएलचा, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक फुटबॉलचा, संघ नाही. पोरगं विद्यापीठात शिकलेलं असो वा नसो, शनिवार त्याच संघाचा. आमच्या ओळीतल्या सहा घरांपैकी तुमच्या विद्यापीठाची पदवी फक्त दोन घरांत आहे. तुमच्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीत बाकीची चार घरं कुठंच नसतील.

उलट्या बाजूचं उदाहरण मिशिगनचं. 2013 मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांच्या ठरावीक जागा काढून टाकल्या. आधी ज्येष्ठतेनुसार जागा मिळायची, मित्रमैत्रिणींचा गट एकत्र बसायचा. आता जो आधी येईल तो पुढं. पुढच्या वर्षी सात सामन्यांच्या तिकिटांचा दर 295 डॉलर होता, आणि विद्यार्थ्यांची तिकिटविक्री धाडकन कोसळली. जागांची पद्धत परत बदलावी लागली. ऑक्टोबर 2014 मध्ये क्रीडा संचालकांना जावं लागलं आणि 2015 साठी तोच दर 175 डॉलरवर आला. संघही त्या काळात हरत होता, तेव्हा सगळं खापर बाकांच्या वाटपावर फोडणार नाही. पण एक लाखाहून जास्त माणसं बसणाऱ्या, देशात सगळ्यांत मोठ्या स्टेडियममध्ये पोरांनी पाठ फिरवली, त्याच्या कारणांत ‘माझ्या शेजारी कोण बसणार’ हेही होतं. आणि आजचा विद्यार्थी हाच वीस वर्षांनंतरचा तिकीटधारक.

म्हणून गेल्या महिन्यात आलेलं तुमचं दुसरं पत्र वाचून मला झोप लागली नाही. आमच्या विभागाचं ‘रीसीटिंग’, म्हणजे जागांचं नव्यानं वाटप, होणार. प्रत्येक खातेदाराला देणगीच्या पॉइंटप्रमाणे क्रमांक, त्या क्रमांकानं जागा निवडायची पाळी. आमच्या ओळीत तुमच्या हिशेबानं वरचा क्रमांक टपालवाल्या जोडप्याचा, कारण त्यांच्या मुलानं एकदा मोठी देणगी दिली. शेतकरी खालून दुसरा. परिचारिका सगळ्यांत खाली. सहा घरं सहा दिशांना जाणार. खालच्या दोघांना कोपऱ्यातल्या वरच्या जागा मिळतील, आणि गुडघे गेलेला पंच्याऐंशीच्या घरातला माणूस तिथवर चढणार नाही. त्यानं मला फोनवर सांगितलं, ‘यंदा थांबावं म्हणतो.’ तेवीस वर्षांत त्याच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं. तो थांबला तर दोघे भाऊ थांबतील, कारण ते त्याच्याच शेतावर गाडी ठेवून पुढं त्याच्याबरोबर येतात. मग गणिताच्या बाईंना आणायचं कोण? एक ओळ कशी सुटत जाते, ते तुमच्या कार्यालयातल्या तक्त्यात दिसत नसेल. तिथं प्रत्येक खातं वेगळ्या रांगेत लिहिलेलं असतं.

तुम्हाला पैसा लागतो, हे मला कळतं. जून 2025 मध्ये न्यायालयानं मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी जास्तीत जास्त सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. खेळाडूंना मिळावेत, असं माझं ठाम मत आहे. ज्या पोरांच्या गुडघ्यांवर हा सगळा डोलारा उभा राहिला, त्यांना इतकी वर्षं विद्यापीठाकडून पगार मिळाला नाही, हेच चूक होतं. टेनेसीनं 2025 च्या तिकिटांवर यासाठी दहा टक्के आकार लावला आणि त्याला सरळ नाव दिलं. नाव दिलेला आकार मी भरेन. त्याच काळात टेक्सास ए अँड एमनं मात्र 2023 मध्ये एका कोचला करार संपायच्या आधी घरी पाठवायला साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं अंगावर घेतलं, हेही आम्ही वाचतो. मग ‘जागेसाठीची देणगी’ असं मोघम नाव असलेली रक्कम वाढली की मनात प्रश्न येतो, ही कोणाकडे चालली.

त्या देणगीबद्दल आणखी एक. 2017 पर्यंत तिकिटाचा हक्क मिळवण्यासाठी दिलेल्या देणगीच्या 80 टक्के रकमेवर करात सवलत मिळायची. 2018 पासून ती गेली. देणगी तशीच राहिली, पुढं वाढतच गेली. म्हणजे आमच्या खिशातून जाणारा खरा पैसा तुमच्या दरपत्रकात दिसतो त्याहून जास्त वाढला. परिचारिकेनं मला तिचा हिशेब दाखवला: दोन तिकिटं, दोन जागांची देणगी, पार्किंग, आणि त्यावरचे आकार. पार्किंग आणि आकार मिळून एका तिकिटाएवढे होतात. ती हे पैसे दर महिन्याला बाजूला काढते. तुम्ही ते एकरकमी मागता.

दूरचित्रवाणीबद्दल बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही. 1984 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सामन्यांच्या प्रक्षेपणावरचा कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे एनसीएएचा, ताबा उठवला. त्याआधी प्रेक्षक घरी बसतील या भीतीनं सामने मोजूनमापून दाखवले जात. आज जवळजवळ प्रत्येक सामना घरात दिसतो, आणि त्याचा पैसा तुमच्या तिकिटांपेक्षा मोठा आहे. तरीही मैदानावर बसणाऱ्यानं काय काय सोसायचं? सामना किती वाजता, हे बहुतेक वेळा बारा दिवस आधी कळतं, कधी कधी सहाच. दोघा भावांच्या गाई आहेत. दुपारी बाराचा सामना असेल तर धारेला एक माणूस, रात्री साडेसातचा असेल तर दुसरा, आणि हे त्यांनी सोमवारी ठरवायचं. सामना चालू असताना बाजूच्या रेषेवर लाल टोपीवाला माणूस मैदानात येऊन उभा राहतो. तो उभा आहे तोवर घरी जाहिराती चालू असतात आणि इथं चाळीस हजार, साठ हजार माणसं गार बाकावर गप्प बसलेली असतात. आमच्या ओळीनं त्या वेळेचं सोनं केलंय. तेवढ्यात थर्मास फिरतो, बाईंच्या वहीवरून वाद होतात, नातवंडांचे फोटो निघतात. शेजारी ओळखीचं नसेल, तर त्या तीन मिनिटांत माणूस फोन काढतो आणि मनात म्हणतो, घरीच बरं होतं.

आणि फोनवरच दुसरीकडे तिकिटं विकायला असतात. कमजोर संघाविरुद्धच्या सप्टेंबरातल्या सामन्याचं तिकीट आदल्या रात्री पिझ्झाच्या भावात मिळतं. ज्या वर्षी मोठा प्रतिस्पर्धी आपल्याकडे येत नाही, त्या वर्षी सातही सामने सुटे घेतले तरी सीझन तिकिटापेक्षा स्वस्त पडतात. हिशेबानं बघितलं तर अशा वर्षी सीझन तिकीट घ्यायला कारणच नाही. आम्ही सहाही घरांनी ते दर वर्षी घेतलं. सुट्या तिकिटात शेजार मिळत नाही.

एक प्रसंग सांगतो. 2020 च्या मोसमात कोरोनामुळे प्रेक्षकांना स्टेडियममध्ये प्रवेश नव्हता. पहिल्या शनिवारी शेतकऱ्यानं सगळ्यांना आपल्या शेडबाहेर बोलावलं. अंगणात घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, घरटी दोन, दोन घरांत सहा-सहा फूट अंतर, आणि ट्रॅक्टरच्या बॉनेटवर रेडिओ. आम्ही गाडीतून उतरलो तर बायको दोन पावलं चालून थांबली. खुर्च्यांचा क्रम स्टेडियममधल्या ओळीचाच होता. डावीकडून भाऊ, मग बाई, मग शेतकरी आणि त्याची बायको, मग आम्ही. कोणी ठरवलं नव्हतं म्हणे, मांडताना तसंच मांडलं गेलं. तो सामना आपण हरलो. रेडिओवरची चाल ऐकत तो म्हातारा बोटं मिटत होता आणि सहा फुटांवरून आम्ही सगळे त्याच्या हाताकडे बघत होतो.

त्याच वर्षी तुम्ही तिकिटांचे पैसे परत घ्या किंवा देणगीत वळवा, असं विचारलं होतं. आमच्यातल्या पाच घरांनी वळवले. त्या पाचांत परिचारिकाही होती, जिनं ते सगळं वर्ष कोरोनाच्या वॉर्डात काढलं. आज तुमचे पॉइंट तिला सगळ्यांत खाली धरतात.

तर मागणं असं आहे. रीसीटिंग करायचंच असेल तर एका ओळीतल्या घरांना ‘आम्ही एकत्र’ असा अर्ज करू द्या, आणि त्या गटाला सगळ्यांच्या पॉइंटची सरासरी लावा. टपालवाल्या जोडप्यानं लेखी कळवायची तयारी दाखवली आहे की वरच्या क्रमांकानं मिळणारी चांगली जागा सोडून ते आमच्याबरोबर वरच्या ओळींत येतील. आम्हाला मधली जागा नको. आता आहे त्याहून दहा ओळी वर गेलो तरी चालेल, फक्त कठड्याजवळची आणि कमी पायऱ्यांची द्या. सलग किती वर्षं तिकीट घेतलं, याला पॉइंटमध्ये वजन द्या. वर्षं विकत घेता येत नाहीत. पैसे हप्त्यानं भरायची सोय करा. ज्या दोन-तीन सामन्यांची वेळ दूरचित्रवाणीवाल्यांच्या हातात नसते किंवा लवकर ठरते, ती तरी उन्हाळ्यातच जाहीर करा.

आणि विद्यार्थ्यांना गटानं बसू द्या. पदवी घेऊन बाहेर पडताना त्याच गटाला पहिली पाच वर्षं निम्म्या दरात चार-सहा जागा सलग द्या. माझी मुलगी शिकागोला असते. तिच्या वसतिगृहातल्या चौघी मैत्रिणी आजही वर्षातून एक सामना ठरवून एकत्र येतात, आणि दर वेळी चौघींना चार वेगवेगळ्या कोपऱ्यांतली तिकिटं मिळतात. त्या चौघी तुमच्या पुढच्या तीस वर्षांच्या गिऱ्हाईक आहेत आणि तुमच्याकडून त्यांना आजवर याबद्दल एकही पत्र गेलेलं नाही.

नूतनीकरणाची मुदत या महिनाअखेरीला संपते. आमच्या सहाही घरांचे अर्ज भरून तयार आहेत. गणिताच्या बाईंकडे ते एका पाकिटात ठेवलेत, आणि एकत्र बसू देणार की नाही, हे कळल्याशिवाय त्यांतला एकही पाठवायचा नाही, असं रविवारी शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही ठरवलं. त्याच्या बायकोनं भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पहिल्या घरच्या सामन्याच्या तारखेला पेन्सिलीनं गोल केलाय. वेळेची जागा मोकळी आहे. तुमचं उत्तर आलं की बाई पाकीट टपालात टाकतील.

आपला नम्र,
2003 पासूनचा एक सीझन तिकीटधारक, आणि त्याच्या ओळीतली बाकीची पाच घरं